कारखान्यातल्या ट्रेनिंगमध्ये हसू कुठं बसवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि उद्यमनगर या भागातल्या फौंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने) आणि मशीनशॉपमध्ये ट्रेनिंगचं काम करताना मालक, एचआरची मंडळी आणि सुपरवायझर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ते इथं एकत्र केले आहेत. पान मोठं आहे, तुमच्या अडचणीचा प्रश्न शोधून तेवढाच वाचलात तरी चालेल. मात्र "नव्या पोराची गंमत" हा प्रश्न कुणीही वगळू नये, अशी विनंती आहे.

आमची माणसं ट्रेनिंगमध्ये झोपतात. एखादा विनोदी वक्ता बोलावला तर फरक पडेल का?

त्या दिवसापुरता पडेल. पण माणसं का झोपतात ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी कारण साधं असतं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी घरी जायच्या ऐवजी थांबवून घेतलेलं असतं, किंवा दुपारी जेवण झाल्या झाल्या पंख्याखाली अंधार करून इंग्रजीतल्या स्लाइड दाखवलेल्या असतात. आठ तास भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस अंधारात खुर्चीवर बसला की डुलणारच. तिथं विनोदी वक्ता आणला तर माणसं जागी राहतील, हसतील आणि घरी जाताना त्याचे किस्से सांगतील. ग्राइंडिंग व्हील बसवण्याआधी ते हलकं ठोकून आवाज ऐकायचा असतो, हे मात्र कुणाच्या लक्षात राहणार नाही.

वक्त्याला गॅदरिंगला किंवा खंडेनवमीच्या कार्यक्रमाला जरूर बोलवा. ट्रेनिंगमधलं हसू आपल्याच शॉपमधून, आपल्याच कामातून यायला पाहिजे.

हसल्यानं खरंच लक्षात राहतं, की नुसतं बरं वाटतं?

दोन्ही होतं, पण लक्षात राहायला एक अट आहे. अमेरिकेत कॅप्लन आणि पॅस्को यांनी १९७७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्याख्यान झाल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत विनोदामुळं काही विशेष फरक दिसला नाही. सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा विनोदी उदाहरणातून सांगितलेले मुद्दे जास्त आठवत होते. इस्राएलमध्ये अव्हनर झिव यांनी संख्याशास्त्रासारख्या रुक्ष विषयाच्या वर्गात सत्रभर हा प्रयोग केला आणि १९८८ साली निष्कर्ष मांडले. मोजका आणि विषयाला धरून विनोद करणाऱ्या वर्गाला परीक्षेत जास्त गुण मिळाले.

अट हीच, की विनोद विषयाला धरून हवा. उलट बाजूही तपासलेली आहे. हार्प आणि मेयर यांनी १९९८ साली दाखवलं, की धड्यात घातलेल्या मजेदार पण मुद्द्याशी संबंध नसलेल्या गोष्टी मूळ समजुतीत अडथळा आणतात. माणूस गंमत लक्षात ठेवतो आणि मुद्दा सोडून देतो. म्हणून सेफ्टीच्या तासाला सुरुवातीची दहा मिनिटं नवरा-बायकोचे विनोद सांगणाऱ्या ट्रेनरला मी थांबवतो. त्यानं वातावरण मोकळं होतं असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात त्यानं तासातला सगळ्यात ताजा वेळ कामाशी संबंध नसलेल्या गोष्टीवर घालवलेला असतो.

मुद्द्यावर बसलेला विनोद म्हणजे नेमका कसा? एखादं उदाहरण द्या.

लेथवर काम करणाऱ्यांना चकची चावी माहीत आहे. चक म्हणजे फिरणारा जॉब (घडवायचा तुकडा) पकडून ठेवणारा भाग. जॉब पकडताना चावीनं चक आवळायचा आणि चावी लगेच काढायची. ती चकातच राहिली आणि मशीन चालू झालं, तर चावी गोफणीतल्या दगडागत सुटते. सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि तरी चावी राहते. त्यामुळं "चावी काढत जा" हे वाक्य दहा वेळा सांगून उपयोग नसतो. त्यात नवं काहीच नसतं, आणि माणूस मनात म्हणतो, "हे काय मला सांगताय?"

यावर एक छोटं सोंग बसवलं. एक मिस्त्री लेथपुढं उभा, दुसरा चावी झालेला. चावी म्हणते:

"काम असलं की मला हातात धरतोय. चक आवळून झाला की तिथंच लटकत ठेवून चहाला जातोय. आल्यावर माझ्याकडं बघत पण नाही, सरळ मशीन चालू! मग मी गरागरा फिरते आणि सुटते. कुणाच्या कपाळाला जाऊन बसीन, मला तरी कुठं ठावं? आणि वर म्हणतोय, चावीच खराब हाय!"

मिस्त्री विचारतो, "मग तुला पाहिजे तरी काय?"

"घर पाहिजे. मशीनवर एक होल्डर लावून दे. हातातनं सुटले की मी माझ्या घरला जाते."

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. माणसं हसतात, कारण लटकती चावी आणि चहाची घाई त्यांनी स्वतः अनुभवलेली असते. पण खरा फायदा नंतर दिसतो. शॉपमध्ये एक वाक्य रुळतं, "चावी घरला गेली का?" एकोणीस वर्षांचा ट्रेनी पन्नाशीतल्या मिस्त्रींना "तुमचं चुकलं" असं म्हणू शकत नाही. आपल्याकडं ते शोभतही नाही आणि खपतही नाही. पण "मामा, चावी घरला गेली का?" असं तो म्हणू शकतो. मामा हसतात आणि चावी काढतात. लहानाला मोठ्याची चूक मान राखून थांबवता येते. माझ्या मते ट्रेनिंगमधल्या हसण्याचं सगळ्यात मोठं मोल या वाक्यात आहे. ज्या विनोदातून असं एखादं वाक्य मागं उरत नाही, तो विनोद मी पुढच्या बॅचला ठेवत नाही.

आता यातली व्यवस्थेची बाजू. सोंगात चावी होल्डर मागते. सोंग झालं आणि मेंटेनन्सनं महिनाभर होल्डर लावलाच नाही, तर तीच माणसं तेच वाक्य कडवटपणे म्हणायला लागतात. म्हणून आधी प्रत्येक लेथला होल्डर लावून घ्या, मग सोंग करा. जमत असेल तर स्प्रिंगची चावी आणा. ती हात सोडला की आपणहून चकातून बाहेर येते. जी चूक मशीनच्या रचनेत बदल करून टाळता येते, ती विनोदावर सोडू नये.

नव्या पोराची गंमत करणं ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. त्यानं तो लवकर मिसळतो. त्यात काय वाईट?

तुम्ही कशाबद्दल बोलताय ते मला ठाऊक आहे. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात असतो. कुणीतरी त्याला गंभीर चेहऱ्यानं सांगतं, "जा, स्टोअरमधून डाव्या हाताचा पाना घेऊन ये." असा पाना नसतोच, पण स्टोअरवालाही सामील असतो. तो म्हणतो, "माझ्याकडचा संपला, मोल्डिंगला विचार." मोल्डिंगवाले, म्हणजे वाळूचे साचे करणारे, फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल साफ करणाऱ्यांकडं पाठवतात. पोरगं घामाघूम होऊन परत येतं तेव्हा अख्खा शॉप हसत असतो. तेही हसतं, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतं.

ही गंमत करणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा द्वेष नसतो. आपल्यालाही असंच फिरवलं होतं, म्हणून याला फिरवायचं, एवढंच असतं. पण पोरगं त्यातून काय शिकलं ते बघा. इथली माणसं सरळ तोंडानं खोटं सांगतात, आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत नसणं म्हणजे सगळ्यांसमोर हसं होणं, हे ते शिकलं. पुढच्या महिन्यात मिस्त्री त्याला खरंच एखादं अनोळखी टूल आणायला सांगतात. ते त्यानं कधी ऐकलेलं नसतं. तो विचारत नाही. अंदाजानं काहीतरी आणतो, किंवा त्याहून वाईट, अंदाजानं काहीतरी चालू करतो.

एका मशीनशॉपमध्ये मी असा मुलगा जवळून पाहिला आहे. कूलंटमध्ये, म्हणजे धातू कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवात, पाणी किती घालायचं हे त्याला कळलं नव्हतं. सगळ्या आठवड्यात त्यानं कुणालाच विचारलं नाही. मशीनच्या स्लाइडवर गंज धरायला लागला तेव्हा ते उघड झालं. सुपरवायझर त्याच्यावर ओरडले, "विचारायला तोंड नव्हतं का?" तोंड होतं. ते पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून बंद केलं होतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ साली कामावरच्या गटांचा अभ्यास मांडला. ज्या गटात प्रश्न विचारायला आणि चूक कबूल करायला भीती वाटत नाही, तो गट लवकर शिकतो, असं त्यांना दिसलं. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे वेगळ्या वाटेनं माहीत आहेच. नवा पठ्ठा डाव चुकला तर वस्ताद रागावतील, पुन्हा करून घेतील, पण बाकीच्यांना त्याच्यावर दात काढू देणार नाहीत.

तेव्हा ही पद्धत बंद करा, असंच माझं स्पष्ट मत आहे. नुसती बंदी घातली तर ती लपून चालते, म्हणून तिच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. पहिल्या दिवशी नव्या मुलानं शॉपभर फिरून पाच मिस्त्रींना एकच प्रश्न विचारायचा, "तुम्ही नवीन होता तेव्हा काय घोटाळा केला होता?" मिस्त्री हे फार रंगवून सांगतात. कुणी साच्यातला कोअर (वाळूचा गाभा) उलटा बसवलेला असतो, कुणी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं नाजूक साधन, क्लॅम्पसारखं आवळलेलं असतं. हसू तेवढंच येतं, शॉपची ओळखही होते. पण हसू मोठ्यांच्या जुन्या चुकीवर येतं आणि मुलाला कळतं, की इथं चुकलेली माणसंच पुढं मिस्त्री झाली.

म्हणजे कुणावर हसायचं आणि कुणावर नाही?

कामातल्या अडचणीवर, यंत्रावर, कागदपत्रांच्या पसाऱ्यावर, आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानं स्वतःहून पुढं केलेल्या चुकीवर हसा. शिकायला बसलेल्या माणसावर हसू नका.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. पहिले दोन कामाच्या ठिकाणी उपयोगी पडतात. तिसरा तर उघडच घातक. चौथ्याकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही. काही माणसं सगळ्यांना हसवण्यासाठी सतत स्वतःलाच खाली पाडून घेतात. शॉपमध्ये त्यांना "कलाकार" म्हणतात आणि प्रत्येक ट्रेनिंगला त्यांनाच पुढं करतात. अशा माणसाला एकदा तरी एखादा अवघड मुद्दा गंभीरपणे शिकवायला द्या. त्याचं काम पक्कं असेल तर सगळे ऐकतात, आणि त्याचाही चेहरा बदलतो.

टोपणनावांबद्दलही विचारलं जातं. कोल्हापुरात टोपणनाव नसलेला माणूस सापडणं कठीण. पण ट्रेनिंगच्या खोलीत माणसाला त्याच्या नावानं, मोठा असेल तर मामा, तात्या, अण्णा लावून हाक मारा. रंग, उंची, तोतरेपणा, गाव किंवा जात यांवरून पडलेलं नाव खोलीतच काय, शॉपमध्येही चालू देऊ नका.

मला विनोद जमत नाही. मी ट्रेनिंग कसं द्यायचं?

तुम्हाला जमायची गरजच नाही. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या काय करतो ते आठवा. तो प्रश्न विचारतो. जे सगळ्यांना कळलेलं नसतं पण विचारायची लाज वाटते, ते तो बेधडक विचारतो आणि समोरच्याला सोपं करून सांगायला भाग पाडतो. एकनाथांच्या भारुडात हसत हसत केवढं शिकवलेलं आहे. गाडगेबाबाही कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. आपल्याकडं हे तंत्र घरचंच आहे.

ट्रेनिंगला दोन माणसं उभी करा. एक सांगणारा, एक विचारणारा. सांगणारा साधा सरळ असला तरी चालतो. विचारणारा मात्र शॉपमधला सगळ्यात जाणता माणूस असावा. नवख्याला या जागी उभं केलं तर लोक त्याच्या अज्ञानावर हसतात. तीस वर्षं मोल्डिंग केलेले तात्या जेव्हा भोळा चेहरा करून विचारतात, "साहेब, वाळूत ओल जरा जास्त झाली तर काय बिघडलं? पोराला दूध जास्त झालं तर बिघडतं का?" तेव्हा लोक हसतात. आणि ब्लो होल कसे पडतात हे साहेबांना नीट समजावून सांगावंच लागतं: ओल जास्त, म्हणून वाफ जास्त, ती बाहेर पडायला वाट नाही, म्हणून कास्टिंगमध्ये पोकळी, म्हणून रिजेक्शन. तात्यांना हे माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्यात कुणाचा अपमान होत नाही.

कोणत्या विषयावर अजिबात हसू नये?

भट्टीत ओला स्क्रॅप जाणं हा पहिला. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होते. वाफ झाल्यावर पाण्याचं आकारमान सुमारे १७०० पट होतं आणि वरचा १४०० अंशांच्या आसपासचा रस बाहेर फेकला जातो. हे सांगताना आवाज खाली आणायचा, सोंग थांबवायचं आणि सरळ सांगायचं. वीज बंद न करता पॅनलमध्ये हात घालणं, गॅसची गळती, क्रेनखाली उभं राहणं हेही तसेच.

आणि एक विषय काळावर अवलंबून असतो. शॉपमध्ये अपघात झाला असेल, तर त्या मशीनवरचं सोंग बंद. किती दिवस, हे ज्याला लागलं त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसांना विचारून ठरवा. एचआरच्या खोलीत बसून ते ठरवता येत नाही.

महिला कामगार आल्यापासून मिस्त्री म्हणतात, "आता बोलायची सोय राहिली नाही." काय करायचं?

ज्या बोलण्याची सोय राहिली नाही, ते आधीही बरोबर नव्हतं. कोअर शॉपमध्ये, इन्स्पेक्शनला, पॅकिंगला काम करणाऱ्या बायका-मुली हे ऐकून घेत होत्या, एवढंच.

कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा लैंगिक अर्थाच्या शेरेबाजीलाही छळ मानतो. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती हवीच, आणि जागृतीचे कार्यक्रम घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. "मी गंमत केली" या उत्तरानं त्यातून सुटका होत नाही.

हा तास कुजबुजत, घाईघाईनं उरकू नका आणि त्यात विनोदही घालू नका. मिस्त्रींना सांगायचं एवढंच, की हसणं बंद करायला कुणी सांगत नाही. चकच्या चावीच्या सोंगात बायकाही तेवढ्याच हसतात.

साहेबांनी ट्रेनिंगला बसावं का?

सुरुवातीची पाच मिनिटं बसावं, आपल्याला हा विषय का महत्त्वाचा वाटतो ते सांगावं आणि उठून जावं. मालक मागच्या खुर्चीवर बसले की सगळी खोली त्यांच्या चेहऱ्याकडं बघून हसते. ते हसले तर हसायचं, नाही तर नाही. असं हसू काही कामाचं नसतं.

अपवाद एकच. मालक स्वतः मशीनवर काम करून वर आलेले असतील आणि आपली जुनी चूक मोकळेपणानं सांगायला तयार असतील, तर त्यांना पूर्ण वेळ बसवा. उद्यमनगरात असे मालक अजून आहेत. त्यांनी सांगितलेल्या एका चुकीनं जे होतं, ते माझ्या दहा तासांनी होत नाही.

गट किती मोठा असावा, वेळ कोणती, जागा कुठली?

दहा ते बारा माणसं. पंचवीसच्या वर गेलं की सोंग मागच्यांना दिसत नाही आणि मागं वेगळ्याच गप्पा सुरू होतात. पाळी सुरू होताना दहा-पंधरा मिनिटं, तीही कामाच्या जागेवर, मशीन बंद ठेवून. आठवड्यातून दोनदा एवढं झालं तरी महिन्यातून एकदा घेतलेल्या चार तासांच्या वर्गापेक्षा ते जास्त टिकतं. एकदा ऐकलेलं भराभर विसरलं जातं, हे जर्मनीच्या एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. विसरायच्या आत पुन्हा समोर आलं की पक्कं होतं.

ट्रेनिंगचा वेळ पगारी धरा. सुट्टीच्या दिवशी बोलावून वर "मजा येईल" असं सांगितलेलं कुणालाच आवडत नाही.

शिकवायचं काम कुणाला द्यावं? आमचा सगळ्यात चांगला मिस्त्री शिकवताना चिडतो.

चांगलं काम करता येणं आणि चांगलं शिकवता येणं ही वेगवेगळी कौशल्यं आहेत. दुसरं शिकवता येतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखो नव्या माणसांना झटपट कारखान्यात उभं करायचं होतं. १९४० ते १९४५ या काळात तिथं सुपरवायझरांना शिकवायची एक पद्धत राबवली गेली, आणि ती पुढं जपानमधल्या कारखान्यांनी उचलली. तिच्यात चार पायऱ्या आहेत. आधी माणसाला सैल करा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, एकेक टप्पा, आणि प्रत्येक टप्पा तसाच का करायचा ते सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या आणि करताना त्यालाच बोलायला लावा. शेवटी त्याला मोकळा सोडा, पण कुणाला विचारायचं ते सांगून, आणि अधूनमधून जाऊन बघत राहा.

हसण्याची जागा पहिल्या पायरीवर आहे. माणूस सैल झाला की हात सैल होतो. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे तो स्वतः करत असताना, गप्प बसायचं. नेमक्या याच वेळी मिस्त्री एखादा टोमणा मारतात आणि पोराचा हात थरथरतो. चिडणाऱ्या मिस्त्रींना मी एवढंच करायला सांगतो: पोरगं करत असताना हात मागं बांधून उभं राहा आणि तोंड बंद ठेवा, फक्त धोका दिसला तरच बोला. सुरुवातीला फार जड जातं. पण जमायला लागलं की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

आमच्याकडं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आहेत, सीमाभागातली कानडी बोलणारीही आहेत. मराठी विनोद त्यांना कळत नाही.

शब्दांवरचा विनोद सोडून द्या, करून दाखवायचा विनोद धरा. गळ्यात टॉवेल टाकून ड्रिलिंग मशीनवर वाकणारा माणूस आणि त्याच्या मागून टॉवेलचं टोक धरून हळूहळू खेचणारा दुसरा, हे कुठल्याही भाषेत कळतं. टॉवेल गुंतला की मशीन कसं ओढतं, ते शब्दावाचून समजतं. ती मुलं हसली की लगेच त्यांच्यातल्याच एकाला उभं करा आणि त्याच्या भाषेत मुद्दा सांगायला लावा.

एक काळजी घ्या. मराठी माणसं एकमेकांत कुजबुजून हसली, तर परभाषिक मुलाला वाटतं आपल्यावरच हसतायत. खोलीत जे हसू होईल ते सगळ्यांना कळणारं असावं. आणि त्यांच्या मराठीची नक्कल कुणी केली तर तिथल्या तिथं थांबवा.

ठेकेदाराच्या माणसांनाही हे ट्रेनिंग द्यायचं का?

द्यायचंच. फेटलिंगला, भट्टीजवळ, लोडिंगला बहुतेक तीच असतात. शिवाय त्यांना बाहेर ठेवलं तर शॉपमधल्या लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य त्यांना परकं राहतं, आणि वेळ आली की त्यांना कुणी वेळेत हाक मारत नाही.

फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी "लई भारी" लिहिलं. म्हणजे ट्रेनिंग यशस्वी झालं ना?

आवडलं, एवढंच त्यातून कळलं. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली ट्रेनिंग मोजायच्या चार पातळ्या मांडल्या. लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का आणि कारखान्याला त्याचा फायदा झाला का. हसवणारं ट्रेनिंग पहिल्या पातळीवर नेहमीच पास होतं. म्हणून त्याला तिसऱ्या पातळीवर तपासायलाच हवं.

हे अवघड नाही. ट्रेनिंगच्या आधी आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी शॉपमधून एक फेरी मारा आणि किती चकात चावी लटकतेय ते मोजा. ट्रेनिंगनंतर लगेच मोजा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा. मोजताना कुणाचं नाव लिहू नका, नुसता आकडा लिहा आणि तो नोटीस बोर्डावर लावा. नावं लिहायला लागलात की तुम्हाला बघून चाव्या काढल्या जातात आणि तुमची पाठ फिरली की परत लटकतात. दोन महिन्यांनी आकडा खाली राहिला नसेल, तर फॉर्मवर काहीही लिहिलेलं असलं तरी सोंग बदला.

सोंगाचा व्हिडिओ कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू का?

ज्यांनी सोंग केलं त्यांना आधी एकेकट्याला विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. आपल्या माणसांत मोकळेपणानं चावी होऊन नाचलेले मिस्त्री, तोच व्हिडिओ पाव्हण्यारावळ्यांपर्यंत पोहोचला तर अवघडतात, आणि पुढच्या वेळी कुणीच उभं राहत नाही. ते नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच तो मोबाइलमधून काढून टाका.